अक्षर, यंत्र आणि अध्यापक : र. कृ. जोशी यांच्या कार्याचा विचार

१

साहित्याचा इतिहास लिहिताना लेखक, ग्रंथ, संप्रदाय आणि वाचक यांचा विचार होतो. ज्या अक्षरांतून ते साहित्य वाचकाच्या डोळ्यांपुढे येते, त्यांच्या घडणीचा विचार मात्र सहसा होत नाही. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत लेखनिकाचे वळण, त्याची चूक व त्याची सवय यांना स्थान असते. पण ग्रंथ छापला गेला की अक्षर हे जणू पारदर्शक झाले असे गृहीत धरले जाते. हे गृहीत बरोबर नाही. मुद्रित अक्षराच्या मागेही कोणीतरी निर्णय घेतलेले असतात, आणि त्या निर्णयांचा परिणाम भाषेच्या लेखनावर, म्हणजे पर्यायाने साहित्याच्या पाठावर होत असतो.

भारतीय लिप्यांच्या बाबतीत हा निर्णय मुळात एकाच प्रश्नाभोवती फिरत आला आहे : यंत्राच्या सोयीसाठी लिपीने आपले रूप बदलावे, की लिपीचे नियम यंत्राने आत्मसात करावेत? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी कवी, सुलेखनकार आणि अध्यापक र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी या प्रश्नाचे जे उत्तर आपल्या कामातून दिले, ते भारतीय भाषांच्या सर्वच अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. जाहिरात-व्यवसाय, अध्यापन आणि सरकारी संशोधनसंस्था अशा तीन क्षेत्रांतून त्यांचा प्रवास झाला. या प्रवासाचे चरित्र सांगणे हा येथे हेतू नाही. त्यातून लिपीविषयीची जी भूमिका सिद्ध झाली ती तपासणे, हा आहे.

२

या भूमिकेचे मोल कळण्यासाठी तिच्या आधीची परिस्थिती पाहिली पाहिजे. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेले, आणि त्यात मराठी मजकुरासाठी देवनागरी खिळे वापरले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. शिळेवर हाताने लिहिलेले अक्षर जसेच्या तसे उमटत असल्यामुळे तेथे लिपीला तडजोड करावी लागत नव्हती. खिळ्यांच्या छपाईत मात्र ती करावी लागे. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये स्थापलेल्या निर्णयसागर छापखान्याने राणोजी रावजी आरू यांच्या हातच्या अक्षरांनी देवनागरीला जे देखणे रूप दिले, त्यातच ‘काव्यमाला’तील संस्कृत ग्रंथ भारतभर वाचले गेले. परंतु या देखणेपणाची किंमत मोठी होती. रोमन लिपीची छपाई शे-सव्वाशे खिळ्यांत भागत असे. देवनागरीला जोडाक्षरे, मात्रा, रफार आणि उकार यांच्यासाठी कित्येक शे खिळे लागत, आणि ते जुळवणाऱ्याचा वेळही त्याच प्रमाणात जाई.

यातून लिपिसुधारणेची चळवळ निर्माण झाली. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा प्रयत्न केला. सावरकरांनी ‘अ’ला इतर स्वरांची चिन्हे जोडून स्वरमालेतील स्वतंत्र अक्षरे कमी करण्याचा पुरस्कार केला, आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती पद्धत काही काळ वापरली. पुढे टंकलेखनयंत्र आले. त्याच्या कळफलकावर नव्वदच्या आसपास चिन्हे मावत. तेवढ्यांत देवनागरी बसवायची म्हणजे जोडाक्षरे तोडणे आणि हलन्तचिन्हाचा आश्रय घेणे अपरिहार्य झाले. १९५३ मध्ये लखनौ येथे भरलेल्या देवनागरी-सुधार परिषदेत ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या डावीकडून काढून उजवीकडे द्यावी, असा निर्णय झाला. कारण उघड होते : उच्चारात ‘क’ आधी आणि ‘इ’ नंतर येते, लेखनात मात्र वेलांटी आधी काढावी लागते, आणि यंत्राला हा उलट क्रम अडचणीचा होता. वाचकांनी हा बदल स्वीकारला नाही आणि काही वर्षांतच तो मागे घ्यावा लागला.

देवनागरीत जे टळले ते मलयाळममध्ये घडले. केरळ सरकारने १९७१ मध्ये छपाई आणि टंकलेखन यांच्या सोयीसाठी अनेक जोडाक्षरे तोडली, आणि उकाराची चिन्हे व्यंजनांपासून वेगळी केली. शाळेची पुस्तके नव्या लिपीत आली, मागच्या पिढीचे हात आणि मागचे ग्रंथ जुन्या लिपीत राहिले. १९९९ मध्ये ‘रचना’ या गटाने जुन्या लिपीचा संपूर्ण संच संगणकावर उपलब्ध करून दिला, तेव्हा असे दिसून आले की ज्या यंत्रासाठी लिपी बदलली, ते यंत्रच अवघ्या तीस वर्षांत कालबाह्य झाले होते. लिपीचे आयुष्य शतकांनी मोजले जाते आणि यंत्राचे दशकांनी. अल्पायुषी वस्तूसाठी दीर्घायुषी वस्तूत बदल करावा काय, हा खरा प्रश्न होता.

३

जोशी यांचे शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत झाले. पुढे ‘उल्का’ या जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले. त्या पिढीतील काही महत्त्वाचे मराठी कवी जाहिरातीच्या व्यवसायात होते, ही गोष्ट केवळ योगायोगाची नव्हे. अरुण कोलटकर हेही ज. जी.चे विद्यार्थी आणि व्यवसायाने जाहिरातक्षेत्रातील चित्रकार होते. शब्द कानांना कसा ऐकू येतो याइतकाच तो कागदावर किती जागा व्यापतो, कोठे तुटतो, किती जाड अथवा बारीक दिसतो, याचा विचार या लोकांना रोज करावा लागे.

साठोत्तरी काळात अनियतकालिकांच्या चळवळीने मराठी कवितेची छापील मांडणी मोकळी केली. जोशी या वातावरणातले कवी होते. त्यांच्या अक्षररूप कवितांत शब्दाचा अर्थ आणि त्याची आकृती यांना वेगळे करता येत नाही; अक्षरांची दाटी, विरळता, त्यांचा उतार हाच कवितेचा आशय वाहून नेतो. युरोपात आणि ब्राझीलमध्ये अशा कवितेची चळवळ पन्नाशीच्या दशकात सुरू झाली होती. देवनागरीत तिचे स्वरूप निराळे होणे अटळ होते, कारण येथे अक्षर हे एकेरी चिन्ह नसून व्यंजन, स्वर, शिरोरेषा यांचा संयोग असतो. एक उकार दिला तरी अक्षराची खालची बाजू बदलते, रफार दिला तर वरची. अशा कवितेच्या सरावातून जोशी यांच्यापुढे लिपी ही सुट्या तुकड्यांची पेटी म्हणून कधीच आली नाही. तिचे एकक ‘अक्षर’ होते, आणि ‘अक्षर’ ह्या शब्दाचा ‘न झरणारे’ हा व्युत्पत्त्यर्थ भारतीय परंपरेत ध्वनीशी निगडित आहे, हे त्यांच्या विचाराचे मूळ होते.

सुलेखनाकडेही ते शोभेची कला म्हणून पाहत नसत. शिलालेख, ताम्रपट, पोथ्या आणि दप्तरे यांतून लिपीचे जे वळण पिढ्यान्‌पिढ्या टिकले, त्याचा अभ्यास म्हणजे सुलेखन, ही त्यांची दृष्टी होती. ‘उल्का’च्या संशोधनवृत्तीवर अच्युत पालव यांनी मोडी लिपीचा अभ्यास केला, आणि नंतर ते स्वतः नामवंत सुलेखनकार झाले. व्यापारी संस्थेच्या पैशातून मोडीसारख्या व्यवहारातून गेलेल्या लिपीचा अभ्यास व्हावा, ही त्या काळातली लक्षणीय घटना होय.

४

१९८३ मध्ये जोशी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक झाले आणि १९९६ पर्यंत तेथे राहिले. हे केंद्र १९६९ मध्ये स्थापन झाले होते. भारतातील अभिकल्पशिक्षणाची पायाभरणी चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालाने झाली, असे मानले जाते. त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था उभी राहिली. त्या अहवालात लोट्याचे जे प्रसिद्ध विवेचन आहे, त्याचा आशय असा की शतकानुशतके अनेक हातांनी घडवलेल्या वस्तूत जे शहाणपण साठलेले असते, ते नव्या अभिकल्पकाने आधी समजून घ्यावे. जोशी यांच्या अध्यापनाची दिशा या विचाराशी जुळणारी होती; त्यांच्यासाठी लोट्याच्या जागी अक्षर होते.

अभियांत्रिकी संस्थेत अक्षरशास्त्र शिकवण्याने दोन गोष्टी साधल्या. पहिली अशी की अक्षराचा विचार कलाशाळेच्या बाहेर, गणित आणि संगणकशास्त्र यांच्या शेजारी आला. दुसरी अशी की विद्यार्थ्यांना लिपीकडे एका भाषेची मालमत्ता म्हणून पाहता येईना. देवनागरी, गुजराती, बंगाली, गुरुमुखी, तमिळ, तेलुगू, कन्नड, मलयाळम व ओडिया या सर्वांची वर्णव्यवस्था एकाच ब्राह्मी परंपरेची आहे; आकृती मात्र प्रत्येकीची वेगळी, कारण कोठे टाक होता, कोठे ताडपत्रावर लोखंडी लेखणी. ताडपत्र आडव्या रेषेने चिरते म्हणून दक्षिणेकडील आणि ओडियाच्या अक्षरांना गोलाई आली, असे सामान्यतः सांगितले जाते. वर्णव्यवस्थेचे ऐक्य आणि आकृतीचे वैविध्य ही दोन सूत्रे एकत्र धरणे, हाच भारतीय अक्षरशिक्षणाचा गाभा होय.

या दोन सूत्रांमधील ताण जोशी यांच्या विचारातही दिसतो. सर्व भारतीय भाषांसाठी एक समान लिपी असावी, म्हणून त्यांनी ‘देशनागरी’ची कल्पना मांडली होती. एकलिपीचे हे स्वप्न त्यांच्या आधीही अनेकांनी पाहिले होते. परंतु त्यांच्या हातून प्रत्यक्षात जे मोठे काम झाले ते याच्या अगदी उलट दिशेचे : प्रत्येक लिपीला तिचे स्वतःचे रूप कायम ठेवून यंत्रावर प्रतिष्ठित करण्याचे. समान लिपीची गरज ज्या व्यवहारी अडचणीतून भासत होती, ती अडचण आकृती एक न करताही सुटू शकते, हे त्यांच्या कामातूनच सिद्ध झाले. एका विचारवंताच्या कल्पनेचे खंडन त्याच्याच कृतीने व्हावे, यात त्या विचारवंताची प्रामाणिकता दिसते.

५

हे काम झाले ते सार्वजनिक क्षेत्रातील संस्थेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणककेंद्रातून १९८५ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही स्वतंत्र संस्था मुंबईत निर्माण झाली होती. पुढे ती ‘सी-डॅक’ या सरकारी संस्थेत विलीन झाली. भारतीय अक्षरे संगणकावर रेखण्याचे ‘विन्यास’ नावाचे साधन याच केंद्रात तयार झाले. अध्यापनातून निवृत्त झाल्यावर जोशी १९९७ च्या सुमारास अभिकल्पतज्ज्ञ म्हणून तेथे काम करू लागले. १९९९ मध्ये मुदूर, नायक आणि शानभाग यांच्यासह त्यांनी भारतीय मजकुराच्या अक्षरजुळणीची संगणकीय रचना मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला.

त्या वेळी संगणकावरील देवनागरीची अवस्था विचित्र होती. बाजारातील बहुतेक अक्षरसंच रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीचे तुकडे बसवून बनवलेले होते. पडद्यावर ‘क’ दिसे, पण संगणकाच्या लेखी ते एखादे इंग्रजी अक्षर असे. ज्या संचात मजकूर लिहिला तो दुसऱ्याच्या संगणकावर नसला, की कवितेच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उमटे. अशा मजकुरात शब्द शोधता येत नसे, त्याचा कोश अथवा सूची करता येत नसे. संगणकावर साठवलेला ग्रंथ हा खऱ्या अर्थाने मराठी नव्हताच. तो मराठी दिसणारे चित्र होता. साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने हा धोका लहान नव्हता, कारण एका पिढीचे संगणकीय लेखन पुढच्या पिढीला वाचताच येणार नाही, अशी ही अवस्था होती.

यावरचा उपाय दोन पायऱ्यांचा होता. पहिली पायरी प्रमाणीकरणाची. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक प्रमाण केला. १९९१ मध्ये ‘इस्की’ ही संकेतपद्धती भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. आणि जागतिक ‘युनिकोड’ने भारतीय लिप्यांची मांडणी ‘इस्की’च्या आधीच्या, १९८८ मधील आवृत्तीवरून घेतली. या पद्धतीचे तत्त्व असे की संगणकाने तुकडे साठवू नयेत, वर्ण साठवावेत, आणि तेही उच्चाराच्या क्रमाने. ‘कि’ म्हणजे आधी ‘क’, मग इकार. ‘धर्म’ म्हणजे ध, र, हलन्तचिन्ह, म.

दुसरी पायरी आकृतीची. उच्चाराच्या क्रमाने साठवलेला मजकूर वाचकाला परंपरेच्या क्रमाने दिसला पाहिजे. वेलांटी डावीकडे सरकली पाहिजे, रफार ‘म’च्या डोक्यावर चढला पाहिजे, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांनी आपले रूढ रूप घेतले पाहिजे. त्यासाठी अक्षरसंचात केवळ आकृत्या असून भागत नाही. कोणत्या वर्णांच्या शेजारी कोणती आकृती यावी याचे नियमही त्यात लिहावे लागतात. म्हणजे अक्षरसंच हा चित्रांचा संग्रह न राहता लिपीचे छोटेसे व्याकरण बनतो.

विंडोज २००० या संगणकप्रणालीत भारतीय लिप्यांचा अशा प्रकारे प्रथम समावेश झाला, तेव्हा देवनागरीसाठी ‘मंगल’ आणि तमिळसाठी ‘लता’ हे संच त्यात होते. ‘मंगल’चे अक्षरदिग्दर्शन जोशी यांचे आणि रेखन विनय सायनेकर यांचे. पुढे तेलुगूसाठी ‘गौतमी’, कन्नडसाठी ‘तुंगा’, गुजरातीसाठी ‘श्रुती’, गुरुमुखीसाठी ‘रावी’, मलयाळमसाठी ‘कार्तिका’ आणि बंगालीसाठी ‘वृंदा’ असे संच त्या प्रणालीत दाखल झाले. या मालिकेलाही जोशी यांचे दिग्दर्शन लाभले.

१९५३ च्या लखनौ परिषदेचा प्रश्न येथे पुन्हा आठवतो. यंत्रासाठी वेलांटी उजवीकडे न्यावी, असे तेव्हा ठरले होते. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर वेलांटी आपल्या जागीच राहिली. यंत्राला ती डावीकडे न्यायला शिकवण्यात आले. लिपीला आपले रूप सोडावे लागले नाही. लिपीच्या इतिहासात ही लहान वाटणारी घटना मोठ्या महत्त्वाची आहे.

६

या कार्याच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. ‘मंगल’ हा संच त्या काळच्या अल्प बिंदूंच्या पडद्यावर, लहान आकारात वाचता यावा म्हणून घडवला होता. त्यातील अक्षरांच्या पोटातील जागा मोकळी आहे, रेघ जवळपास एकसारखी आहे. पडद्यासाठी हे गुण होते. कागदावर मात्र निर्णयसागरी अक्षराची लय पाहिलेल्या डोळ्यांना तो रूक्ष वाटतो. सरकारी कचेऱ्यांनी पडद्याचे हे अक्षर कागदावरही सर्रास वापरले. हिंदी टंकलेखनाच्या परीक्षांच्या सूचनांत त्याचे नाव येऊ लागले, आणि अनेक कचेऱ्यांत ‘मंगल’ म्हणजेच युनिकोड असा समज रूढ झाला. एका साधनाचे नाव संपूर्ण पद्धतीला मिळणे ही लोकप्रियतेची खूण खरी, पण त्यामुळे अक्षरांच्या विविधतेची गरज झाकली गेली.

दुसरी मर्यादा मराठीपुरती आहे. युनिकोडमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांना एकेकच संकेतांक आहे. मराठी आणि हिंदी वळणांतील फरक अक्षरसंचावर सोपवलेला आहे. परिणामी प्रचलित संचांपैकी अनेकांत हिंदी वळणच मराठी वाचकाच्या वाट्याला आले. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील भेद मराठीला अर्थासाठी आवश्यक आहे. त्यासाठी संकेतपद्धतीत तरतूद आहे, परंतु लिहिणाऱ्याला ती माहीत नसेल तर गुरूचा स्वयंपाकी व्हायला वेळ लागत नाही. एकाच लिपीत अनेक भाषा नांदतात तेव्हा संख्येने मोठ्या भाषेचे वळण प्रमाण ठरते, हा धोका संगणकाने नाहीसा केलेला नाही.

तिसरा मुद्दा मालकीचा. सार्वजनिक संस्थेत साठलेले ज्ञान परदेशी कंपनीच्या प्रणालीतून घरोघरी पोहोचले. त्यामुळे प्रसार वेगाने झाला, पण त्या अक्षरांवरील हक्क समाजाकडे राहिला नाही. या बाबतीत जोशी यांच्या कामाची दुसरी बाजू लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांच्या नावावरून ओळखले जाणारे ‘रघु’ संच मुक्त परवान्याने उपलब्ध झाले. त्यांपैकी मलयाळमचा संच ‘स्वतंत्र मलयाळम् कंप्युटिंग’ या स्वयंसेवी गटाने पुढे सांभाळला. मराठी अध्यापकाच्या दिग्दर्शनाखाली झालेले अक्षर मलयाळी तरुणांनी आपले मानून जपावे, ही भारतीय भाषांच्या परस्परसंबंधांतील एक शांत पण अर्थपूर्ण नोंद आहे. विंडोज ८ पासून २०१२ मध्ये ‘निर्मला’ हा संच भारतीय लिप्यांसाठी पुढे आला आणि ‘मंगल’चे स्थान दुय्यम झाले, मुक्त संचांना मात्र असा एका कंपनीच्या निर्णयाचा धाक नसतो.

७

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत जोशी वैदिक संस्कृतच्या लेखनचिन्हांच्या संगणकीय संकेतांवर काम करीत होते. वेदांचे पठण स्वरांवर अवलंबून असते. उदात्त, अनुदात्त आणि स्वरित यांच्या खुणा शाखेनुसार बदलतात. ज्या परंपरेने आपला पाठ हजारो वर्षे कंठात जपला, तिच्या खुणा यंत्रात जशाच्या तशा उतरवणे ही लिपीच्या क्षमतेची कसोटीच होती. ध्वनी आणि आकृती यांचे जे नाते त्यांनी तरुणपणी अक्षररूप कवितेत शोधले होते, तेच येथे पाठपरंपरेच्या रूपाने पुन्हा त्यांच्यापुढे आले. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीत वैदिक चिन्हांचा स्वतंत्र विभाग समाविष्ट झाला. २०१४ मध्ये मोडी लिपीलाही युनिकोडमध्ये स्थान मिळाले.

कवी, जाहिरातकार, अध्यापक आणि सरकारी संस्थेतील तज्ज्ञ या चार भूमिकांतून गेलेल्या या कार्याचे सूत्र एकच दिसते : लिपी ही समाजाची सामायिक वास्तू आहे, आणि तीत फेरफार करण्याचा अधिकार यंत्राच्या सोयीला नाही. असे कार्य बहुधा नावाने ओळखले जात नाही. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव असते, अक्षर घडवणाऱ्याचे नसते. पडद्यावर तर त्याची आठवणही कोणाला होत नाही. भारतीय साहित्यांचा अभ्यास यापुढे अधिकाधिक संगणकावरील संहितांच्या आधारे होईल. त्या संहितेतील वेलांटी, रफार आणि स्वरखुणा जागच्या जागी असतील तर ते आपोआप घडलेले नाही, याची जाण पाठचिकित्सेच्या अभ्यासकांनी ठेवणे आवश्यक आहे. ग्रंथाच्या लेखनिकाइतकाच त्याच्या अक्षराच्या रचनाकाराचाही विचार साहित्याच्या इतिहासात होऊ लागला, तर त्या इतिहासातील एक मोठी उणीव भरून निघेल.